पडदा उघडायच्या आधीचा उजेड

नाटकाच्या प्रकाशाबद्दल जे काही लिहिलं गेलं आहे, ते बहुतेक तिसऱ्या घंटेनंतरचं आहे. माझं काम तिसऱ्या घंटेला संपत आलेलं असायचं. उमरखेड आणि आसपासच्या गावांत शाळांची गॅदरिंगं, गणपती-नवरात्रातली नाटकं यांना वायरिंग करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणून रंगमंचावरच्या दिव्यांचा इतिहास मला मागच्या बाजूनं दिसतो. वासे बांधताना कोणता उजेड होता, पडदा टाचताना कोणता, पोरांच्या तोंडाला रंग लावताना कोणता, आणि सगळे घरी गेल्यावर रात्री दोन वाजता खिळे वेचताना कोणता, हे मी सांगू शकतो.

अलीकडे इथल्या एका शाळेनं आपल्या सभागृहातल्या छोट्या रंगमंचासाठी एलईडी दिवे घ्यायचं ठरवलं. खेळाचे नाहीत, कामाचे. मुख्याध्यापक मॅडमनी मला बोलावून विचारलं, ‘‘काका, किती वॅटचे घ्यायचे तेवढं सांगा.’’ वॅट सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण कामासाठी वेगळा दिवा लागतो हे त्यांच्या मनात आलं, याचंच मला नवल वाटलं. मराठी नाटकाला पावणेदोनशेच्या वर वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या काळात हा खर्च कुणी आपणहून मांडलेला मी पाहिला नव्हता.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या राजांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हाचा उजेड तेलाचा होता: समया, दिवट्या, मशाली. राक्षस येताना मशालीवर राळेची पूड उडवायची की भपकन ज्वाळा उठायची, प्रेक्षक दचकायचे. ही राळ उडवणारा माणूस आणि मशाल धरणारा माणूस यांची नावं कुठे नाहीत. गावगाड्यात मिरवणुकीपुढे दिवटी धरणं हे न्हाव्याकडचं काम, आणि तेल तेल्याकडून यायचं. उजेड म्हणजे कुणाच्या तरी हाताला लागलेली कामगिरी होती. हात दुखला की उजेड हलायचा.

आमच्याकडे तर हे फार उशिरापर्यंत चाललं. उमरखेड तालुक्यातल्या पैनगंगेच्या काठच्या जंगलपट्ट्याला आम्ही बंदी भाग म्हणतो. तिथल्या आंध वस्त्यांवर दिवाळीच्या सुमाराला दंडार व्हायची. तिला रंगमंच नाही, पडदा नाही, विंग नाही. मधोमध मोकळी जागा आणि कडेला टेंभे. बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळून तेलात बुडवलेला टेंभा ज्याच्या हातात, तो नाचणाऱ्याच्या मागं मागं फिरायचा. आजकाल मोठ्या थिएटरात नटाच्या मागं फिरणारा फॉलो स्पॉट पाहून लोक हरखतात. तो आमच्या टेंभेवाल्यानं कधीच केला होता. पण एक गोष्ट चांगली होती. दंडारीत पुढचं आणि मागचं असा भेदच नव्हता, त्यामुळे खेळाचा उजेड आणि कामाचा उजेड एकच होता. नाटकाला पाठीमागची बाजू आली, आणि अंधार त्या बाजूला साचला.

मग आली गॅसबत्ती. तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी उमेदवारी तिच्यावरच झाली. ऑस्ट्रियाच्या कार्ल आवर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८८५ साली जाळीच्या दिव्याचं पेटंट घेतलं, आणि १८९१ मध्ये त्याला खरा नुस्खा सापडला: नव्व्याण्णव भाग थोरियमचा ऑक्साइड, एक भाग सेरियमचा. सुती जाळी या क्षारांत भिजवायची आणि जाळायची. सूत जळून जातं, उरते ती राखेची जाळी, आणि ज्योतीत ती पांढरीशुभ्र तळपते. या जाळीच्या मागणीपायीच १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू सापडली. जर्मनीला गेलेल्या काथ्याला ती चिकटून आली होती. थोरियम त्या वाळूतच असतं. पुढं रॉकेलच्या वाफेवर चालणारी हीच युक्ती बर्लिनच्या एका कारखान्यानं पेट्रोमॅक्स या नावानं जगभर नेली. आमच्या लग्नाच्या वरातीत बाया डोक्यावर जी बत्ती घेऊन चालायच्या, तिच्या जाळीचा असा जर्मनीशी आणि केरळाशी संबंध होता.

आम्ही त्या जाळीला मेंटल म्हणत असू. बत्ती पेटवणं हे मान मिळवून देणारं काम होतं. आधी वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं, नळी तापू द्यायची, मग चावी आवळून पंप मारायचा. घाई केली तर कच्चं रॉकेल उसळून भडका व्हायचा आणि मेंटल काळं पडायचं. एकदा जळलेल्या मेंटलला बोट लागलं तर हातात राख. बैलगाडीतून बत्त्या न्यायच्या तर मेंटल काढून, आणि खेळाच्या जागी पोचल्यावर नवं बांधून. मेंटल महाग, म्हणून बत्त्या अगदी शेवटी पेटवायच्या असा मांडववाल्यांचा शिरस्ता. म्हणजे काय, तर सगळं उभारायचं काम संधिप्रकाशात आणि कंदिलाच्या उजेडात. कंदील बहुधा प्रभाकर छापाचा, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतल्या काचकारखान्याचा. मालक पुढं खुर्चीवर बसून सांगायचा, ‘‘बत्त्या आता नका लावू रे, रॉकेल जाते.’’ आणि वर वाशावर बसलेल्या पोराला गाठ दिसत नसायची. ती गाठ तो हातानं चाचपून मारायचा.

एक मात्र खरं की गॅसबत्तीच्या काळात रंगवलेला चेहरा फसवत नसे. सफेदा, पिवडी, हिंगूळ एका तेलात कालवून गुरुजी पोरांची तोंडं रंगवायचे, ती बत्तीच्याच उजेडात, आणि पोरगं रंगमंचावर जायचं तेही बत्तीच्याच उजेडात. आरशात जसं दिसलं तसंच लोकांना दिसायचं. हा मेळ पुढं विजेनं मोडला. रंगपटात ट्यूबलाइट, रंगमंचावर पिवळा बल्ब. आत बरा दिसणारा कृष्ण बाहेर आला की कावीळ झाल्यासारखा दिसायचा. मग बाई पुन्हा आत नेऊन त्याला आणखी निळं फासायच्या.

सगळं थिएटर विजेच्या दिव्यांनी पहिल्यांदा उजळलं ते लंडनचं सॅव्हॉय. १८८१ साली तिथं प्रेक्षागृह आणि रंगमंच मिळून सुमारे बाराशे विजेचे दिवे लावले. त्या वर्षी डिसेंबरात लोकांची भीती घालवायला मालक डॉयली कार्ट यानं रंगमंचावर येऊन, मलमलीत गुंडाळलेला पेटता बल्ब फोडून दाखवला. मलमल जळली नाही. त्याच डिसेंबर महिन्यात व्हिएन्नाचं गॅसवर चालणारं रिंगथिएटर जळालं. आग लागल्यावर गॅस बंद केला, सगळीकडे अंधार झाला, आणि अडीअडचणीसाठी ठेवायचे तेलाचे दिवे लावलेलेच नव्हते. कित्येक शे माणसं जिन्यांत आणि वाटांत मेली. या दोन घटना एकाच महिन्यातल्या, पण पहिली सांगायला लोकांना आवडतं. दुसरीतून मला धंद्याची अक्कल मिळाली: रंगमंचाच्या दिव्यांशी संबंध नसलेली, वेगळ्या बटणावरची आणि वेगळ्या पुरवठ्यावरची एक ओळ हवीच.

आमच्या भागात वीज आल्यावरही दिवसभर काही ती सारखी नव्हती. संध्याकाळी शेतावरचे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसायचं, चोकवाली ट्यूब नुसती लुकलुकायची. स्टार्टर काढून-घालून, ट्यूब चोळून पेटवण्यात आमचा निम्मा वेळ जाई. रंगमंचावर मात्र साधे बल्ब असत, डालड्याच्या डब्यांत बसवलेले. डबा आतून पांढरा, बाहेरून काळा, तोंडाला जिलेटिनचा कागद. पलीकडे नांदेडला मंडपवाल्यांकडे तयार स्पॉट भाड्यानं मिळायचे. यवतमाळ आमचा जिल्हा खरा, पण बाजारासाठी नांदेडच जवळ. आता नदी ओलांडली की नांदेडचा हदगाव तालुका लागतो, पण १९४८ पर्यंत त्या काठाला मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य होतं. आमचे म्हातारे शेवटपर्यंत ‘मोगलाईतून सामान आणलं’ असंच म्हणायचे.

शाळांना दिव्यांची हौस लागली ती बालनाट्यांमुळं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘मधुमंजिरी’ केलं. रत्नाकर मतकरींनी लिहिलेलं ते नाटक, आणि पुढं मतकरींनी स्वतःच बालनाट्याची संस्था काढली. चेटकिणी, राक्षस, जादूचे महाल हे सगळं उजेडाच्या करामतीवर उभं. मुंबई-पुण्यात ते बघून आलेले गुरुजी इथं येऊन मला म्हणायचे, चेटकीण हिरव्या उजेडात हळूहळू दिसली पाहिजे. हळूहळू! त्यासाठी डिमर लागतो, आणि डिमर शाळेला कुठून परवडणार?

मग मिठाच्या पाण्याचा डिमर. हौशी नाटकवाल्यांत ही विद्या एकमेकांकडून चालत आली होती. लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्यायची, तळाशी तांब्याची पट्टी, वरून दोरीला बांधलेली दुसरी पट्टी. बरणीत पाणी, पाण्यात मीठ. वीज एका पट्टीतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्या पट्टीत, आणि तिथून दिव्याला. वरची पट्टी खाली सोडली की दोन पट्ट्यांतलं अंतर कमी होतं, पाण्याचा अडथळा कमी होतो, दिवा वाढतो. वर ओढली की मंदावतो. दिवा पुरेसा पेटत नसला तर आणखी चिमूटभर मीठ. अर्धा अंक झाला की पाणी उकळायला लागायचं, वाफा निघायच्या, आणि पाणी तापलं की त्यातून वीज जास्त वाहते म्हणून सगळा अंदाज पुन्हा बदलायचा. युरोप-अमेरिकेच्या थिएटरांतही विजेच्या सुरुवातीच्या काळात असेच पाण्याचे डिमर होते, त्यामुळे आपण काही मागासलेलो नव्हतो. पण दोनशेतीस व्होल्टची उघडी बरणी, भोवती सांडलेलं खारं पाणी, आणि ती हाताळणारा माणूस विंगेत अंधारात उकिडवा बसलेला. त्याच्यापाशी बल्ब नको असायचा, कारण त्याचा उजेड रंगमंचावर सांडतो. कलकत्त्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं नाव हौशी नाटकवाल्यांच्या तोंडी देवासारखं असायचं. ‘अंगार’ नाटकात १९५९ मध्ये त्यांनी खाणीत पाणी भरतं आहे असा भास नुसत्या उजेडानं उभा केला होता. ते मोठेच. पण त्यांचं उदाहरण देऊन इकडे कित्येक पोरं बरण्यांपुढं बसवली गेली, तो जमाना गेला हे बरं झालं. मला त्याची अजिबात हळहळ नाही.

त्यानंतरचं हॅलोजन. पाचशे आणि हजार वॅटची काचेची कांडी, लख्ख उजेड, आणि इस्त्रीसारखा ताप. हे दिवे आले आणि मंडपवाल्यांनी पहिल्यांदा कामालाही मोठा दिवा लावायला सुरुवात केली, हे कबूल केलं पाहिजे. एक हॅलोजन खांबाला बांधला की सगळं पटांगण दिसायचं. पण तो असायचा एकाच बाजूला आणि डोळ्यांच्या उंचीवर. शिडीवरच्या माणसानं मान वळवली की पुढची दोन मिनिटं त्याला काही दिसत नसे, आणि दिव्याच्या उलट बाजूला स्वतःचीच गडद सावली. शिवाय मंडपाचं कापड तोवर सुती राहिलं नव्हतं, नायलॉन-पॉलिएस्टरचं झालं होतं. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या मंडी डबवाली इथं एका शाळेच्या वार्षिक समारंभात विजेच्या ठिणगीनं मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून अधिक लहान मुलं. तेव्हा आमचाही गॅदरिंगचाच हंगाम चालू होता. बातमी वाचली त्या दिवशी मी ज्या मंडपात काम करत होतो, तिथले हॅलोजन कापडापासून हातभर लांब घेतले. मालक कुरकुरला, पण बोलला नाही.

एलईडीचं तंत्र जुनं आहे. तांबडा दिवा १९६२ मध्येच निघाला. अडलं होतं ते निळ्यावर, कारण निळा मिळाल्याशिवाय पांढरा करता येत नाही. तो निळा जपानच्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी साधला, आणि त्यासाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे जानेवारी २०१५ पासून स्वस्त एलईडी बल्ब देणारी सरकारी उजाला योजना चालू झाली. घाऊक खरेदीत जो बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, तो दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला. मी इतके दिवे पाहिले, पण भाव एवढा कोसळलेला दुसरा दिवा पाहिला नाही. ‘रॉकेल जाते’ हे मालकाचं कारण तिथं संपलं.

आता मॅडमच्या प्रश्नाकडं येतो. त्यांचा रंगमंच साधारण वीस फूट बाय पंधरा, म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटर. गाठ मारायला, टाका घालायला, स्क्रू शोधायला तीनशे लक्सचा उजेड पुष्कळ झाला. अठ्ठावीस गुणिले तीनशे म्हणजे ८,४०० ल्युमेन जमिनीवर पोचायला हवेत. काळे पडदे आणि उंच छत निम्मा उजेड खाऊन टाकतात, म्हणून दिव्यांतून सोळा-सतरा हजार ल्युमेन निघाले पाहिजेत. वीस वॅटची चांगली एलईडी पट्टी दोन हजारांच्या आसपास देते. अशा आठ पट्ट्या, एकूण १६० वॅट. हजार वॅटचे चार हॅलोजन लावले असते तर सतरा अँपियर ओढले असते आणि शाळेचं मीटर उडालं असतं. या पट्ट्या एक अँपियरही घेत नाहीत.

दुकानदार पन्नास-शंभर वॅटचे फ्लडलाइट गळ्यात मारू पाहतो. ते मैदानाला ठीक. रंगमंचावर एका बिंदूतून येणारा झगझगाट म्हणजे पुन्हा हॅलोजनचीच आंधळी कोशिंबीर. लांब पट्ट्या छताला दोन रांगांत लावल्या तर सावली विरळ पडते, आणि शिडी कुठेही टेकवली तरी डोळ्यांत दिवा येत नाही.

रंगाचं मात्र भांडण झालं. शाळेतल्या तरुण सरांना ६५०० केल्विनचा निळसर पांढरा हवा होता, कारण तो लख्ख दिसतो. आमच्याकडे सगळ्यांना तोच आवडतो. हार्डवेअरच्या दुकानापासून देवळापर्यंत तोच लागलेला असतो. मी चार हजारचा सांगितला, आणि रंगपटात तर ज्याचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नव्वदच्या वर तोच. खोक्यावरच्या आकड्यावर माझा फार विश्वास नाही. दुकानात एका हातात कुंकवाचा करंडा आणि दुसऱ्यात हळद घेऊन गेलो. स्वस्त पट्टीखाली कुंकू विटकरी दिसतं, त्वचा राखाडी. चांगल्या पट्टीखाली कुंकू कुंकवासारखं दिसतं. दुकानदार हसला, पण पाठोपाठ आलेल्या एका गिऱ्हाइकानं आपला साडीचा पदर त्याच दिव्याखाली धरून पाहिला.

मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती पट्टी नको. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर हलका असला की दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना कळत नाही, पण फिरता ड्रिल चुकून थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि वर्षभर तालमी त्या उजेडात करायच्या तर डोकंही दुखतं. ड्रायव्हर शंभर ते तीनशे व्होल्टपर्यंत चालणारा असावा. पंपांमुळं व्होल्टेज अजून बसतं, नि वीज परत येताना झटका देते. त्या झटक्यापासून संरक्षण आहे का हे दुकानदाराला विचारावं. त्याला माहीत नसलं तर दुसरं दुकान.

अमेरिकेतल्या थिएटरांत रात्री सगळे गेल्यावर रंगमंचाच्या मधोमध एक बल्ब जळत ठेवतात. त्याला घोस्ट लाइट म्हणतात आणि भुतांच्या गोष्टी सांगतात. कारण साधं आहे: सकाळी पहिला आत येणारा माणूस अंधारात खड्ड्यात पडू नये. कामाच्या दिव्यांत दंतकथा मिळालेला तेवढा एकच. आपल्याकडे ती जागा दारापाशी लावलेल्या टू-वे बटणानं भरून काढता येते. एक बटण आत येण्याच्या दारात, दुसरं विंगेत, म्हणजे कुणालाही अंधारातून चालत जाऊन दिवा शोधावा लागत नाही. ही ओळ खेळाच्या दिव्यांच्या बोर्डावर नको, तिला वेगळा एमसीबी आणि वीज गळली की लगेच तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, आणि दोन पट्ट्या इन्व्हर्टरवर. दोन्ही विंगांत जमिनीलगत एकेक छोटा निळा दिवा, खेळ चालू असताना पोरांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

हिशोब मांडला तेव्हा संस्थेच्या एका सदस्यांनी विचारलं, की एवढ्या पैशांत रंग बदलणारे चार पार लाइट येत असताना पालकांना दिसणारही नाहीत असे दिवे कशाला? मॅडम म्हणाल्या, पार पुढच्या वर्षी. मी आरसीसीबीची ओळ कुणी खोडायच्या आत बिलावर सही घेतली. पट्ट्या लागल्या. एक उणीव राहिली: रंगपटातली नव्वद सीआरआयची पट्टी इथं मिळाली नाही, ती नांदेडहून मागवली आहे, आणि तोवर पोरांची तोंडं खिडकीपाशी दिवसाउजेडी रंगवा असं मी बाईंना सांगून ठेवलं आहे.